कपाचा कान

— व्हय, उकाडाच हाय आज, सर. सकाळपास्नं नुसतं कोंदलंय बघा — ना वारं, ना ऊन. आभाळ भरलंय अन् लिंबाचं पान हालंना. चैतात आसा एकांदा दिस येतोच, अंगावर वलं घोंगडं टाकल्यागत. पडंल म्हनता? छ्या. नुसतं भेवडावतंय ते. आवं, तिथं नगा टेकू, तिथं कोंबडी बसती, इजार खराब हुईल. ह्या पोत्यावर बसा. अन् गळ्यातला टाय तेवढा ढिला करा, हितं कोन बघतंय तुमाला? चा घ्या. कप माजा न्हवं, पर स्वच्छ हाय. कुनाचा ते सांगतो मागनं.

साईराज मालकानं धाडलं न्हवं तुमाला? कळलं मला. हॉटेलची गाडी वळली तवाच कळलं. 'नाथाजीला घेऊन या, तो म्हातारा गडी हाय, त्येचं सगळी ऐकत्यात' — आसंच म्हनला आसंल. खरं सांगू का? मी वाटच बघत हुतो तुमची. आज न्हवं, रोजच. रोज हितं उंबऱ्यात बसायचो अन् म्हनायचो, येतील. तुमी एकटं याल आसं नव्हतं वाटलं — मालक येईल आसं वाटलं हुतं. आसू द्या. तुमी काय, पुन्याहनं आलेला मानूस, कामगारांस्नी शिकवायला ठेवलेला. हॉटेल तुमचं थोडंच हाय?

मी ते हॉटेल नुसतं पत्र्याचं शेड हुतं तवापास्नं बघतोय. साताऱ्याकडनं सांगलीच्या गाड्या जायच्या, त्या थांबायच्या, उतारू उतरायचे, मी चा अन् भजी वाडायचो. थोरलं मालक तवा गल्ल्यावर बसायचं अन् शिवीबी द्यायचं — शिवी द्यायचं, मग पाटीवर हात ठिवायचं. आता साईराज मालक शिवी देत न्हाई. 'आपन सगळे एक कुटुंब आहोत' म्हनतो. रंगीत टाइल बसवली, वर काचंची फ्यामिली रूम केली, बाहेर फोनचं बूथ घातलं. चांगलं झालं की! कोन न्हाई म्हनतंय? पर कुटुंब म्हनला की मला आमचं कप आठवत्यात बघा. का? तुमाला ठावं न्हाई. तुमी आमच्यासंगं चा कुटं प्यालाय! तुमाला मालकाच्या केबिनमदी बशीसकट यायचा.

आमचं कप कुटं आसत्यात, बघितलंय? मोरीच्या खिडकीत. तिथंच फरशी पुसायचं फडकं वाळतं, तिथंच झाडू. गिऱ्हाइकाच्या टेबलावरच्या कपाचा कान तुटला की त्यो टाकत न्हाईत — त्येची बदली हुती. मोरीत. आमच्याकडं. मागल्या दारच्या एका कपाला कान न्हाई, सर, एकाबी न्हाई. कडंला धरून प्यायचा, न्हाईतर सदऱ्याच्या टोकात. बाया पदरात धरत्यात. गरम आसला की दोन बोटांवर नाचवायचा — ह्या हातातनं त्या हातात. नवीन गडी आला की पयल्या दिवशी बोटं चोखतो, अन् आमी हसतो त्येला. सवय हो! मला पयल्यांदा वाटलं, जातीपायी आसंल. पर न्हाई, चुलीवरचा भटारी, वाडपी, राखनदार, सगळ्यास्नी त्येच कप. चाकर ही एक नवीच जात काढली म्हनायची. आता आठवलं की शिसारी येती. तवा येत नव्हती, हे खरं.

मग तुमी आला. ट्रेनिंग! वर काचंच्या खोलीत, पंख्याखाली, गिऱ्हाइकाच्या गादीच्या खुर्च्यांवर आमाला बसवलं. अंबूबाईनं त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसलं हुतं, ठावं हाय का तुमाला? कुटनं ठावं आसनार. ही शेजारची — ही काय, भिताडापल्याड ऱ्हाती. भांडी घासती हॉटेलात. सकाळी मला हाक मारून म्हनली, 'भाऊ, आज मलाबी शिकवनार हायत वो. भांडीवाल्यास्नीबी बोलवलंय.' शाळंचं तोंड बघितलं न्हाई तिनं — मीबी न्हाई, पर मला त्येचं काय वाटत न्हाई, तिला वाटतं. त्या गादीवर आशी बसली, आशी, काठाला, जनू गादी मळंल. अन् सगळं ध्यान तुमच्याकडं. मी माज्या डोळ्यांनी बघत हुतो.

तुमी काय काय शिकवलं. गिऱ्हाईक आलं की मान झुकवायची. पान्याचा गलास काठाला बोट न लावता ठिवायचा — बरोबर हाय ते, चांगलं हाय. मग कप हातात घेतला तुमी, नवा कोरा, अन् म्हनला, 'चहा ठेवताना कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताला आला पाहिजे. पाहुण्याला कप फिरवावा लागता कामा नये. ह्यालाच मान देणं म्हणतात.' आटवतंय? अन् अंबूबाईनं हात वर केला. पोरं शाळंत करत्यात तसा. 'सर,' म्हनली, 'आमच्या कपास्नी कानच न्हाईत. आमी कुनीकडं फिरवायचं?'

सगळी हसली. भटारी तर खुर्चीतनं घसरला. तुमीबी हसला, सर — रुमाल तोंडाला लावून. न्हाई, न्हाई म्हनू नगा, मी बघितलंय. बरं हसला ते हसला. पर ती थट्टा करत नव्हती वो! हेच तुमाला कुनाला कळलं न्हाई. तिला वाटलं, मान द्यायचं सगळ्यास्नीच शिकवत्यात, म्हंजे तिनं मला चा दिला, भटाऱ्याला दिला, तर त्योबी मानानं द्यायचा. तिनं अडचन इचारली. शिकवनाऱ्याला शिकनाऱ्यानं अडचन इचारायची न्हाई व्हय? मग इचारायची कुनाला — मोरीला?

साईराज मालक मागं दाराशी हुता. लालबुंद झाला. 'फार शहाणी झालीस का गं? उद्यापासून यायची गरज नाही.' आईच्या वयाची बाई, तिला 'गं'! अन् ती तशीच बसलेली, हात आजून वरच. खाली घ्यायचं इसरली बिचारी. अन् तुमी काय केलं? — गप बसा, मीच सांगतो — तुमी च्यष्मा पुसला अन् म्हनला, 'बरं. आता पुढचा मुद्दा. हसतमुख चेहरा.' अन् आरसा काढला पिशवीतनं! अंबूबाई जिन्यानं खाली चाललीय, चपला हातात घिऊन, फरशी मळू नये म्हनून — अन् आमी आरशात बघून दात काढायचे! माजी पाळी आली तवा आरशात बघितलं, सर. आरसा तुमच्या हातात दिला अन् घरी आलो. रागं न्हाई भरलो. मला राग फार येत न्हाई, जलमात कदी आला न्हाई. वीट आला. उष्ट्या ताटात हात पडल्यागत झालं.

आता तुमी म्हनता, तिकडं कुनीच चा पीत न्हाई. व्हय, आलंय माज्या कानावर. सगळ्या गड्यास्नी एकदम पित्त झालंय म्हनं! भटाऱ्यालाबी? त्यो तर घागरीनं प्यायचा. मालक म्हनतो मी फितवलं. शपत घेतो, मी तिकडं फिरकलो न्हाई. कुनी कुनाला सांगितलं न्हाई, संप न्हाई, घोषना न्हाई — काम सगळं करत्यात, गिऱ्हाइकाला वाडत्यात, हसत्यातबी तुमी शिकवलं तसं. नुसतं चा म्हनला की 'नगं, पित्त हाय.' त्या पित्ताला मालक भ्यालाय. भ्यावं. संपाला पोलीस बोलावता येतो, पित्ताला कोन बोलावनार?

मग मी काय करायचं? यायचं, सगळ्यांम्होरं बसायचं, अन् एक कप चा प्यायचा. एवढंच? म्हाताऱ्यानं प्याला की बाकीची पितील, मिटलं. अन् नवीन कप आनल्यात — कानाचे? सगळ्यास्नी? बरं केलं. भटाऱ्याला, व्हय. राखनदाराला, व्हय. अन् मला वाडप्यांचा क्याप्टन करनार, छातीवर बिल्ला. अन् अंबूबाईला?

…

अन् अंबूबाईला, सर?

च्यष्मा मागनं पुसा. 'तो विषय वेगळा' — वेगळा कसा? कप तिच्यामुळं आलं न्हवं? तिनं इचारलं म्हनून कपास्नी कान फुटलं, अन् तिलाच न्हाई कप! काय म्हनला? तिनं येऊन समद्यांम्होरं माफी मागितली तर मालक बघंल? कशाची माफी वो? हात वर केल्याची?

न्हाई. मी न्हाई यायचा. त्यो चा माज्या नरड्याखाली उतरायचा न्हाई, सोन्याच्या कपात दिला तरी. अन् आता माफीबिफीचं ऱ्हाऊ द्या, कुनी कुनाची मागायची न्हाई — ती गेली. आज सकाळच्या यष्टीनं. सांगलीला, लेकीकडं. तिथं हळदीच्या वखारीत काम लागतंय म्हनली. त्ये भिताडापल्याड कुलूप दिसतंय न्हवं, त्येच. मीच यष्टीपतूर बोचकं घिऊन गेलो हुतो. म्हनलं, 'अंबूबाई, दोन दिस दम धर, येतील, बोलवतील.' रोज त्येच म्हनत हुतो मी तिला. आता सकाळी हाक मारायला कोन न्हाई बघा हितं… आसू द्या. त्ये तुमाला कशाला सांगतोय मी.

प्याला न्हवं? मग उठा, सर. आभाळ पडायचं न्हाई, पर तुमी निगा. मालकाला सांगा, नाथाजीलाबी पित्त झालंय. न्हाई, कप नगा इसळू, ठिवा तसाच. हातात कप दिला तवा कान तुमच्या उजव्या हाताला आला हुता का न्हाई? बघितलं न्हाई तुमी. कप तिचा हाय. तिच्या घरात एकच हुता कानाचा. यष्टीत चडली, अन् खिडकीतनं पिशवी माज्या हातात दिली अन् म्हनली, 'भाऊ, त्ये शिकवनारं सर येतील तुमच्याकडं. चिडू नगा त्येंच्यावर. चा द्या — अन् ह्या कपात द्या. पावन्याचा हात पोळाय नगं.'