बोंबलांच्या राखणीचा डबा

...आणि चोर कोण? तर म्हणे मी! मी, रत्नप्रभा! अख्ख्या गोराईत हिला दुसरं कोणी दिसलं नाही? तुम्हाला सांगते, अंजनाची आणि माझी बोंबील सुकवायची वलांडी अगदी लागून. तिच्या बांबूंवर तिचे बोंबील सुकतात, माझ्या बांबूंवर माझे. तिचे कमी व्हायला लागले, तर ही कमरेवर हात ठेवून, "रत्ने, तुझेच कसे गं जात नाहीत?" आता माझे जात नाहीत हा माझा गुन्हा? लग्न होऊन आलो तेव्हापासूनच्या मैत्रिणी आम्ही, आणि बोलणंच बंद!

तिचा मुलगा कृणाल मात्र शहाणा. अंधेरीला कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघतो. म्हणाला, "मावशी, कॅमेरा लावतो. त्याचं चित्र सांभाळायला कंपन्या दर महिन्याला भाडं मागतात, आपण घरातच सर्व्हर बनवू, स्वस्तात." ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटरचा डबा आणला, आत दोन हार्ड डिस्क बसवल्या, एक मेली तरी दुसरीत तेच सगळं राहणार! अंजनाला वाटलं मी घाबरेन. घाबरते कशाला? डबा गरम होतो म्हणाला, तर माझा टेबलफॅन मीच नेऊन दिला! आणि रोज सकाळी कुंपणावरून माझं एकच, "कृणाल, डबा चालू आहे ना रे?"

कसला चालू! बोंबील गेले की नेमकं तेव्हाचंच चित्र गायब. का? तर अंजनाचा नवरा, आमचे बळवंतभाऊ, घरातून निघताना सगळी बटणं बंद करून जाणार. "घरात माणूस नाही, बिल कशाला चढवायचं?" अहो, माणूस नसतो तेव्हाच चोर येतो ना! का तुम्ही पाटावर बसलात की येणार? कृणालने बटणावर चिकटपट्टी लावली, तर ती ओरबाडून बटण बंद! वाट लागली. माझं नाव त्या डब्यात अडकलेलं, आणि डबा झोपलेला... पण मी सोडते होय? "कृणाल, डबा चालू आहे ना रे?"

शेवटी त्याने बापाला न सांगता बॅटरी जोडली, डब्याला न् कॅमेऱ्यालाही. दुसऱ्याच दिवशी अंजना स्वतः मला हाताला धरून डब्यातलं चित्र दाखवायला घेऊन गेली. बघते तर काय... बळवंतभाऊ! घरातून बाहेर आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आपल्याच वलांडीवरचे बोंबील हाफपँटच्या खिशांत कोंबले! डॉक्टरने प्रेशरपायी सुकं बंद केलंय ना, मग होडीत बसून भाजून खायचे! अंजना गळ्यात पडून रडली, "रत्ने, चुकले गं." म्हटलं, "रडतेस काय, चहा ठेव."

झकास झालं ना? थांबा. अंजनाने आपले बोंबील गच्चीवर नेले, गच्चीला कुलूप घातलं... आणि परवापासून माझे कमी होताहेत! कृणाल हसतो नुसता, "मावशी, तुला पण एक डबा बनवून देऊ?"

दे रे बाबा, दे. चोर कोण ते ठाऊक आहे मला, पण पुराव्याशिवाय नाव घेतलं तर अंजना परत बोलणं बंद करायची!