चौदाव्या क्रमांकाचा नावाडी

हॅलो? … हॅलो, कोण बोलत आहे?

… ‘मी’ म्हणजे कोण? या वसईत आणि वसईबाहेर असंख्य ‘मी’ आहेत. फोन केला की आधी आपले नाव सांगावे, हे तुला तिसरीत शिकवले होते.

… हो, जितेश. आता बरोबर. … आत्याच बोलते आहे. दुसरे कोण उचलणार? तुझ्या लतिकावहिनीचे हात पिठात आहेत.

… पाकीट? कोणते पाकीट? … रविवारी जेवायला आलास, तेव्हा ठेवून गेलास ते? … अरे, एकतीस वर्षांचा अविवाहित भाचा निघताना पाकीट ठेवतो आणि मान खाली घालून जिना उतरतो, तेव्हा आत्याने काय समजावे? मुलीचा फोटो असेल, या आशेने मी ते देवापुढे ठेवले आहे.

… नाही, उघडले नाही. चांगला दिवस पाहत होते.

… हो, हो… अरे ऐक ना. हळू बोल. आवाज तारेतून आपोआप येतो, तुला अंधेरीहून ढकलावा लागत नाही.

… लतिका, देवापुढचे पाकीट आण. आणि माझा चष्मा. … नाही गं, मुलगी नाही. याच्या ऑफिसचा कागद आहे. … हो, मलाही तसेच वाटले.

… थांब, फोडते. … “ऑक्टोबर २००५. नवखंड, भाग तिसरा. नावांचे मूळ आणि अर्थ.” हा तुझा मोबाईलवरचा खेळ. … मला सांगू नकोस, ठाऊक आहे. आपण वाटसरूचे सोंग घ्यायचे, नऊ खंडांतून चालत जायचे, भेटेल त्याच्याशी बोलायचे, आणि बोलून भागले नाही तर लढायचे. या घरात तो सकाळ-संध्याकाळ चालू असतो. … मी कशाला खेळू? मला घर आहे.

… आणि हे खाली काय? “वरील सर्व नावे प्राचीन संस्कृत पोथीतून घेतली आहेत, असे मी प्रमाणित करते.” पुढे “संस्कृत पंडिता” आणि माझे नाव. आणि सहीसाठी ठिपके. … जितेश, ही पोथी कुठे आहे?

… मी विचारले, पोथी कुठे आहे?

… म्हणजे पोथीच नाही.

… रडू नकोस. … बरे, तू रडत नाहीस, तुझ्या आवाजाला पडसे झाले आहे. क्रमाने सांग.

… हं. … परदेशातली कंपनी तिन्ही भाग विकत घेते आहे. उत्तम. … ते म्हणाले, ही नावे आमच्या लोकांना उच्चारता येत नाहीत, सबब बदला. … आणि तू म्हणालास, ही साधी नावे नाहीत, पोथीतली आहेत. … कोणासमोर म्हणालास? … पिंकीमॅडम. ती तुझी वरिष्ठ. … तिने ते जसेच्या तसे तिकडे कळवले, आणि आता त्यांना जाणकाराच्या सहीचा कागद हवा आहे. … कधीपर्यंत? … आज दुपारी दोन. आणि तू हे मला आज अकरा वाजता सांगतोस.

… न मिळाला तर? … तर सगळी नावे जाणार आणि त्यांची यादी येणार. एडगर, बिडगर.

… नोकरी जाईल का? … नाही जाणार म्हणतोस. मग इतका घायकुतीला का आला आहेस? … हं. … हं. तीन वर्षे एकेक माणूस आपल्या हाताने बसवला. … बरे. ते समजले.

… सहीचे वाचल्यावर पाहू. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या, न वाचता कोणाला गुण दिले नाहीत. तुलाही नाहीत. बत्तीस होते, बत्तीसच दिले, आणि तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

क्रमांक एक. “पाचूबंदर. नवखंडाची राजधानी. पाचूंनी मढवलेले प्राचीन नगर.” … जितेश, आपल्या वसईच्या पाचूबंदरात काय असते? … मोठ्याने सांग. … बोंबील वाळत असतात. हां.

क्रमांक चार. “सुकेळी. हिमालयातील दिव्य वनस्पती. सेवन केल्यास थकलेल्या वाटसरूला बळ येते.” … लतिका, ऐकतेस का? आपल्या फळीवरच्या डब्यात हिमालय आहे. … अरे, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात, हे वसईतले शेंबडे पोरही सांगेल. तुझ्या परीक्षेच्या दिवसांत मीच तुझ्या खिशात घालत असे. … बळ येते एवढे मात्र खरे लिहिले आहेस.

क्रमांक सात. … अरे देवा. “फिलोमिना. संस्कृत ‘फल्’ धातूपासून. फळ देणारी शस्त्रदेवी.” … फिलोमिनाच्या कानावर गेले, तर ती तुला कोणते फळ देईल, याचा विचार केलास? ते तिच्या आईने चर्चमध्ये नेऊन ठेवलेले नाव आहे. … खेळात काय करते ती? … तलवारी विकते. … भाव करू देत नाही. … फार घासाघीस केली, तर गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून बसते. … हो, अगदी तशीच आहे. मंगळवारी पापलेटासाठी मी दहा मिनिटे तिच्या पाठीशीच बोलत होते. … मी हसत नाही. लतिका हसते आहे.

क्रमांक अकरा. “पुलावरची थोरली राणी. नाव अज्ञात.” … ही काय करते? … पुलावर बसून प्रश्न विचारते. … उत्तर चुकले की वाटसरूला थेट पहिल्या खंडात परत पाठवते. … वाक्य अर्धवट सोडले तरीही पाठवते. … नाव अज्ञात का? … तुला धीर झाला नाही. … असू दे, अज्ञातच राहू दे. … रागावले नाही रे. लुगडे कोणते दिले आहेस तिला? … हिरवे. काठ? … काठ दिसत नाहीत, मोबाईल लहान आहे. बरे.

… तर मग आता ऐक. मी सही करणार नाही.

… नाही. … मध्ये बोलू नकोस. भाच्यासाठी मी पुष्कळ करीन. पाळण्यावर वाकून तुझ्या कानात तुझे नाव सांगणारी मीच. पण ज्या भाषेवर मी हे घर उभे केले, तिच्या तोंडी खोटे घालणार नाही. ‘फल्’ धातूपासून फिलोमिना म्हणे.

… काय? … चौदावा? … नाही, चौदाव्यापर्यंत आले नाही अजून. थांब. पान उलटते.

… …

… आहे मी. फोन चालू आहे.

… वाचले. … मोठ्याने कशाला? वाचले म्हटले ना. … हे यांचे नाव आहे. तुझ्या आतोबांचे.

… हो, ठाऊक होते. कसे नसेल? तू त्यांना तुझा जुना मोबाईल दिलास, तेव्हापासून सगळ्या आळीला ठाऊक आहे. न्हाव्याकडे सांगतात, वाचनालयात सांगतात, “मी मोबाईलमध्ये नावाडी आहे.” अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. वाटसरूला नदीच्या काठापर्यंत चालवत नेतात, आपली आपल्याशी भेट झाली की खूश होतात आणि खेळ बंद करतात. नदीपलीकडे सहा खंड आहेत, हे त्यांच्या गावीही नाही.

… काय तक्रार आहे त्यांची? … नावाडी विड्याचे पान जुळवून झाल्याशिवाय वल्हे उचलत नाही. … आणि परदेशातल्या खेळाडूंना थांबायला आवडत नाही. … त्यांना म्हणावे, एक्कावन्न वर्षे मी काठावर उभी आहे. नाटकाचा पहिला अंक मी जन्मात पाहिलेला नाही. माझी तक्रार कोणत्या कंपनीने ऐकली?

… आणि हा कागद गेला नाही, तर त्या जागी एडगर येणार. … तो पान खात नाही. … लगेच वल्हवतो. … हं.

… घरात नाहीत. वाचनालयात गेले आहेत. परवा तिथल्या मंडळींना सांगून आले, की तिसऱ्या भागात आपल्याला नवी होडी मिळणार. … खरेच मिळणार आहे? … शिडाची.

… …

… नाही, जितेश. तरीही नाही. खोट्याखाली सही नाही, यांच्यासाठीही नाही. … पण तू असे कर, त्या पिंकीमॅडमला फोन दे. … का म्हणजे, मी सांगते म्हणून. … मीटिंगमध्ये असेल तर बाहेर येईल. मी थांबते. थांबण्याचा मला सराव आहे.

… लतिका, ऐकलेस? त्या लोकांना यांचे नाव जड जाते. … हो ना, आणि पानही. … जितेश म्हणतो, मॅडम फार कडक आहेत, तू जपून बोल. मला सांगतो, जपून बोल.

… हॅलो? … नमस्कार. मी मनोरमा, जितेशची आत्या, निवृत्त संस्कृत शिक्षिका. … त्या कागदावर मला पंडिता म्हटले आहे, ते आधी खोडा. … आणि पोथी नाही. कधीच नव्हती. … हो, लबाडी केली. त्याचा कान मी रविवारी धरीन, तो घरचा भाग झाला. ऑफिसात तुम्ही काय करायचे ते करा, मी मध्ये पडणार नाही.

… आपण कुठल्या? … विरारच्या. म्हणजे शेजारीच की. … एक विचारू का, पिंकीताई? शाळेच्या दाखल्यावर काय नाव आहे? … तेच. … कोणी ठेवले? … मोठ्या भावाने. किती वर्षांचा होता? … तीन. … दवाखान्यात बघायला आला आणि म्हणाला, ही पिंकी. … पिंकीच का? … समोरच्या घरी मांजर होते, त्याचे नाव. … नाही, हसत नाही. सांगा. … आणि पाळण्यात आत्याने निराळेच ठेवले होते. काय ठेवले होते? … हेमांगी. … फार सुरेख नाव आहे. त्याला मूळ आहे, अर्थ आहे, सगळे शास्त्रोक्त आहे. मग ते का नाही लावत? … त्या नावाने कोणी हाकच मारली नाही.

… आता समजा, त्या परदेशी कंपनीचे पत्र आले. पिंकी या नावाला अर्थ नाही, ते कोणत्या पोथीत नाही, सबब उद्यापासून तुम्ही हेमांगी.

… …

… अहो, मी नुसते विचारले. … भाऊ कुठे असतो आता? … मस्कतला. … फोन करतो तेव्हा काय म्हणतो? … मग झाले तर.

… कागद हवा आहे ना त्यांना, खरा द्या. घ्या लिहून. फिलोमिना. मूळ, पाचूबंदर, मासळीची पाटी. अर्थ, भाव करू न देणारी. सुकेळी. मूळ, वसईची राजेळी. अर्थ, सात दिवसांचे ऊन. … थोरल्या राणीचे अज्ञातच ठेवा, ते बरोबर आहे. … हेच माझ्या हाताने लिहून खाली मी सही करते. ‘जाणकार’ म्हणून करते. या माणसांची जाणकार माझ्याइतकी कोण आहे? नाक्यावरच्या दुकानात फॅक्स आहे, लतिका घेऊन जाईल. दोनच्या आत तुमच्या हातात पडेल.

… ते मानतील की नाही, ते मी कसे सांगू? … तुम्ही भांडाल? … खरेच? … नावे राहतील, नाहीतर खेळ विकायचा नाही, असे कळवाल. … शाबास. भांडताना वाक्य मात्र अर्धवट सोडू नका.

… चौदावा? हो, तोही लिहा. … संस्कृतात अर्थ आहे त्याला, आणि खोटा नाही. जो स्वतःतच रमतो तो. पण तो अर्थ घालू नका. चार माणसे भोवती जमल्याशिवाय ज्याला पान रंगत नाही, तो स्वतःत कसला रमतो. … असे लिहा, वाट पाहायला लावणारा. … आणि पुढे लिहा, वाट पाहण्याजोगा. … हो, दोन्ही.

… नाव? नाव आहे की त्या यादीत. … तुमच्यासमोर नवी यादी आहे, तिच्यात एडगर आहे. मग जितेशला विचारा, तो शेजारीच उभा असेल. … त्याने सांगायचे नाही, अशी तंबी दिलीत? … पिंकीताई, म्हाताऱ्या माणसाची थट्टा करता.

… तुमच्या बरे लक्षात आले. … हो, नाही घेतले. आमच्या वेळी घेत नसत. लग्नात एकदा उखाण्यात घेतले, त्यानंतर नाही. बँकेत विचारले तर मी लिहून दाखवते. … जाणकाराने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय तुम्ही लिहिणार नाही. … हं. मी तुमचे नाव खोदून खोदून विचारले, ते खरे आहे. आता माझी पाळी.

… लतिका, पीठ सोडून इथे काय उभी राहिलीस? … मग उभी राहा.

… लिहा.

… …

… आत्माराम.

… हो. आत्माराम. पूर्ण उच्चार करायला सांगा त्यांना.

… …

… नाही, नाही, आहे मी. … काही झाले नाही. ठेवते आता, फॅक्स पाठवते. … अहो, हे दारात उभे आहेत. … आताच आले असावेत. … हो, नाव ऐकले असावे. चपला न काढता आत आले आहेत.