ड्रम बेस हाय

— फुंकर मारू नका पावणं, फेसासकट प्यायचं असतंय! मिशीला लागलं तर लागू दे, गंगावेशीत धारेचं दूध पिऊन कोरड्या मिशीनं कोण गेलंय? अन् मावशी नगं, अंबूबाई म्हणा, सगळी तेच म्हणत्यात. हां, काय इचारत होतासा — ह्या गल्लीतला यशराज? वळखतो की! रोज दोन टाईम म्हशी घेऊन हितं असतो मी, घराघरात माझं दूध जातंय, म्हणून तर सोयरिकीची चौकशी करणारी आधी माझ्याकडंच येत्यात. शिरोळहून येष्टीनं आलासा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलासा, अन् पोराची उंची इचारताय — लेकीचं लगीन काढलंय हे सांगायला जोतिषी कशाला पायजे? लाजू नका. अजून अर्धा गिलास घ्या.

तर पोरगं काय करतंय? नाचायची गाणी करतंय. हसू नका हो, खरंच! आल्बम काढलाय त्यानं, 'बसायचं न्हाय' म्हणून — आठ गाणी, आठच्या आठ नाचायची. त्यात रडणं न्हाय, उपदेश न्हाय, कुणी कुणाला सोडून गेलेलं न्हाय, नुसतं धडाधड धडाधड — एवढं जलद, की तालमीतली हलगीवाली पोरं म्हणाली ह्याला चार हात पायजेत. आईनं इचारलं, बाबा, ह्याला म्हणायचं तरी काय? तर म्हणाला, 'ड्रम अँड बेस'. आता ती बाई म्हशीत जल्म काढलेली, तिला वाटलं पोरगं म्हणतंय ड्रम बेस हाय — म्हंजे झ्याक हाय! म्हणाली, 'ड्रम बेस हाय की रं, पर गाणं कुठाय? लाव, मी बी येतो नाचायला.' झालं! पोरानं गुपचूप तिचं बोलणं मोबाईलात धरलं अन् पैल्याच गाण्यात घातलं. आता हळदीला पोरी त्येच्यावर नाचत्यात, अन् मधीच बाई वरडती — गाणं कुठाय, गाणं कुठाय! पुण्याची पोरं इचारत्यात म्हणं, बाई हाय तर 'येतो' कसं म्हणती? घ्या! कोल्हापुरात बाई 'येतो' न्हाय म्हणणार तर काय म्हणणार?

पोटापाण्याचं व्हय? लग्नसराईत त्याची तारीख मिळत न्हाय, एवढं सांगतो. ही चंद्री म्हस बघा, पाठ फिरवलीया ती — त्याचं गाणं लावल्याबिगर पान्हा सोडत न्हाय अवलाद! दारूचा वास न्हाय पोराला, तंबाखू न्हाय, पार्ट्यांत वाजवून बी घरी येऊन दूधभात खातंय.

घरचं? बा न्हाय त्याला, आई हाय. आई... जरा खुळी हाय. गेल्या साली नेसरीचं पावणं आलतं बघायला, तर ह्या शानीनं सांगितलं, पोरगा कंपनीत कॉम्प्युटरवर हाय. आल्बमाचं नाव न्हाय काढलं. मोठं स्पीकर होतं म्होरल्या सोप्यात, त्येच्यावर गोधडी टाकली, वर पापडाचं सूप ठेवलं. पोरगं दारात हुबं, सगळं ऐकत. पावणं गेलं तसं त्यानं सूप उचललं, गोधडी काढली, नीट घडी घातली, अन् म्हणालं — 'आई, तुला माझी लाज वाटती व्हय?' लई हळू म्हणालं हो. अन् मी तशीच, शेणाचं हात घेऊन.

...

व्हय. मीच आई. बघताय काय असं? मगाधरनं शेजारीण झालतो, निघालंच शेवटी तोंडातनं. खोटं बोललो नेसरीच्या लोकांपाशी, त्यांना कळलं, सोयरीक मोडली — मोडली तर मोडली, त्याचं न्हाय काय. पर पोराचं त्वांड बघवंना मला. वरीस झालं, अजून बघवंना. म्हणून तुमच्यापाशी सगळं खरं सांगायचं ठरवलतं, आई म्हणून धीर होईना एवढंच.

आता ऐका. घरी जावा, लेकीला ती गाणी लावा. पाय हलला तर फोन करा. नाक मुरडलं तर करू नका, मला राग न्हाय. त्याची लाज वाटणारं घरात एक मानूस होतं, तेवढं बास झालं पोराला. दुसरं नगं.

ठेवा गिलास. जावा, येष्टी चुकंल.