फाईलीआडची परीक्षा

कानांच्या तपासणीच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर, आजोबा आणि नात नंबर लागायची वाट बघत होते.

“आजोबा, आत गेल्यावर नुसती मान डोलवायची नाही हं.”

“मला सगळं ऐकू येतं. तुझ्या आजीला विचार.”

“तुम्ही ओठ बघून ओळखता. आम्हाला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवलंय, ऐकण्याची परीक्षा घेताना आपलं तोंड झाकायचं.”

“वा! म्हणजे तोंड लपवण्याची पदवी घेतलीस की!”

“थट्टा पुरे. आता मी काहीतरी विचारते, तुम्ही उत्तर द्यायचं.”

तिनं फाईल तोंडापुढे धरली.

“बोलण्या-ऐकण्याच्या दोषांवरच्या उपचारांचं पुढचं शिकायला मला परदेशी विद्यापीठात जागा मिळालीय. बाबा नको म्हणतात. तुम्ही त्यांना समजवाल?”

“बरं.”

“अय्या! ऐकू आलं तुम्हाला?”

“एक अक्षर नाही.”

“मग बरं कशाला म्हणालात?”

“तोंड झाकलंस गं, पण डोळे उघडेच होते. हट्ट धरायच्या आधी तू लहानपणापासून अश्शीच बघतेस. आता ती फाईल बाजूला कर आणि सांग, मी कबूल काय केलंय?”