तीन बेस आणि एक घोटा

रंजिता : आजी, हळद नको! डॉक्टरांनी बर्फ सांगितलाय, बर्फ. घोट्याची भाजी करतेस का?

आजी : जल्ला तो बर्फ! घोटा बघ, फनसाएवढा झालाय. दोन दिवस झाले, उतरत नाय.

रूपेश : आत येऊ का? मी रूपेश, रंजिताचा बेसबॉलचा कोच.

आजी : या सर, दारात कशाला उभे?

रंजिता : सर, रविवारी खारघरला सिलेक्शन आहे. मी खेळणार ना?

रूपेश : एक्स-रे बघितला मी. हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलंय. तीन आठवडे धावायचं नाही म्हणजे नाही.

रंजिता : मग संपलं! पुढच्या वर्षी मी वयात बसतच नाही. शेवटचा चान्स होता, सर.

आजी : पन झालं कसं? चार वर्सं ही त्या बेसवर घसरत जाते, कवा काय झालं नाय.

रूपेश : घसरून येताना पाय आपटला की गादीसारखा तो बेस थोडा सरकतो, म्हणून घोटा वाचतो. या वेळी सरकलाच नाही. मी त्याला चार लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या.

रंजिता : सर! तुम्ही?

रूपेश : काय करू? दोन महिन्यांत तीन बेस चोरीला गेले. तेही दर वेळी सेकंड बेसच! भंगारवाल्यांकडे शोधत पार नावड्यापर्यंत जाऊन आलो.

आजी : चाय घेता का सर?

रूपेश : नको आजी. रंजिता, एक मार्ग आहे. मैदानातल्या चुकीमुळे दुखापत झाली असं कोचनं लेखी दिलं, तर समिती परत ट्रायल घेते. पण विचारणार, खुंट्या का ठोकल्या? चोरी म्हटलं तर म्हणणार, चोर दाखव. नाहीतर माझं कोचिंग बंद.

आजी : बिस्किट?

रंजिता : आजी, तू एवढी गोड कधीपासून झालीस?

रूपेश : रंजिता, पाय जरा उचल. हळू. ही पायाखालची उशी फारच चौकोनी आहे.

आजी : अभ्रा काढू नका! धुवाचा हाय तो.

रूपेश : (अभ्रा काढून) आजी, यावर माझ्या हातानं लिहिलेला दोनाचा आकडा आहे.

रंजिता : म्हणजे दोन दिवस मी सेकंड बेसवरच आहे? सर, मग मी सेफ, आउट नाहीच!

आजी : हसू नको गो. मीच आनला. संध्याकालचा पडलेला होता, मना वाटलं टाकलाय.

रूपेश : तिन्ही वेळा?

आजी : पयला टाकलेला वाटला. दुसरा शेजारच्या बालाबाईला पायजे झाला. तिसऱ्याचं मना काय सांगता येत नाय.

रंजिता : आजी!

आजी : अगो, तुमचा सेकंड बेस हाय ना, तिथं आमचा खला होता, भात झोडाचा. लगीन होऊन आले त्या वर्सी तिथंच पेंढ्यावरशी घसरून माजा घोटा मुरगलला. सासू म्हनाली, नवरी आली ती लंगडीच. तिथली वस्तू उचलली तर मना चोरी वाटतच नाय.

रूपेश : आता मी हसू की रडू?

आजी : तुमी लिवा. गोजरा देवजी म्हात्रे, वय सत्त्याहत्तर, घनसोली गाव, तीन बेस चोरले. अंगठा नको, सही करते.

रंजिता : आजी, गावभर होईल.

आजी : होऊ दे. पन बालाबाईचं नाव नको. तिचा नातू पोलिसात हाय.

रूपेश : बरं. सही करा इथं... हं. समितीच्या मॅडमना या कागदाचा फोटो पाठवतो. थांबा... वाचलं त्यांनी... आलं उत्तर!

रंजिता : काय? सर, लवकर!

रूपेश : पुढच्या महिन्यात सतरा तारखेला ट्रायल. आणि विचारतायत, आजींचा थ्रो कसा आहे?

रंजिता : आजीऽऽ!

आजी : उडी मारू नको, पाय! अगो, गला सोड माजा!

रंजिता : पण तीन-तीन बेस तुला हवे कशाला होते?

आजी : गच्चीवरशी तुमचा मैदान दिसता. उनात लादी तापते. मी, बालाबाई नि वरच्या भाडेकरू अरुनाबाई, तिघी त्यावर बसतो. तू पलतेस ते बघतो.

रूपेश : मग राहू देत तुमच्याकडे. मी नवे आणीन.

आजी : न्या सर, तिन्ही न्या. ही पलत नाय तवर आमाला गच्चीवर काय काम?