बावीस कोटांच्या बाह्या

—नाही नाही, बसा हो, ते कपडे सरकवा तिकडे. मास्तरांना कामावर ठेवू का, हे विचारायला आलात ना? बरं केलंत, नवीन दुकान काढताना चौकशी करावीच माणसानं. बारा वर्षं कटर होते ते माझ्याकडे. हात कसा आहे? अहो, हात काय विचारता — खडूची एक रेघ मारली की दुसरी मारायची गरजच नाही! पण थांबा, आधी धंद्याचं सांगतो, तेच जास्त उपयोगी पडेल तुम्हाला. एक म्हणजे, माप स्वतः घ्यायचं. आणि गिऱ्हाइकासमोर मालक कधी चुकत नाही — चुकला तरी नाही. मालकच धांदरट आहे असं गिऱ्हाइकाला एकदा वाटलं ना, की तो गेलाच समोरच्या दुकानात, आणि जाताना आणखी चौघांना घेऊन जातो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शिकलो, आणि त्याच्यापायीच… जाऊ दे.

काय? हो, ती कोटांची भानगड. तुमच्यापर्यंत पोचली म्हणायची! हॉटेलातल्या वेटरांचे बावीस कोट, एवढं मोठं काम दुकानात पहिल्यांदाच आलेलं. मापं मी घेतली, हॉटेलात जाऊन, एकेकाला उभं करून — मास्तरांनी त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. घरी येऊन सगळी मापं स्वच्छ कागदावर उतरवायला बसलो, शेजारी जेवणाचं ताट, बायको काहीतरी विचारतेय, मी हूं हूं करतोय — आणि बाह्यांच्या रकान्यात एक ओळ घसरलो. एकच ओळ हो! पण मग पहिल्याची बाही दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी बाविसांचीही वाट लागली. कोट घालून बघायला सगळे इथेच आले, या आरशासमोर — एक बुटका होता, त्याची बोटंसुद्धा दिसेनात, आणि शेजारचा ताडमाड उंच, त्याची मनगटं ही एवढी बाहेर! हसा, हसा, तेही हसत होते. मॅनेजर तेवढा हसत नव्हता.

मग काय, मास्तरांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर झाडलं. "ओळ चुकवलीत, डोळे कुठे होते तुमचे?" ते एवढंच म्हणाले, "कागद बघतो," आणि आत जाऊन शोधायला लागले, टेबलाखाली, चिंध्यांच्या पिशवीत, पन्नाशी उलटलेला माणूस गुडघ्यांवर बसून — आता चूक माझीच होती हे मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं? कागद सापडला नंतर, आठ दिवसांनी, ड्रॉवरमध्ये, तोवर ते सोडून गेलेले, मग काय करणार माणूस? पण खरं सांगतो, ते शोधत होते ना, तेव्हा मला तिथे उभं राहवेना, खिशात तो कागद कुरकुरत होता, वाटत होतं मॅनेजरला ऐकू जाईल—

असं बघू नका माझ्याकडे.

बरं, होता खिशात. पहिला कोट बघताच माझ्या लक्षात आलं होतं. आत गेलो आणि गपकन उचलला. मॅनेजर दारात उभा, काम हातचं जाणार, दुसरं काही सुचलंच नाही — नाही, सुचलं होतं. "माझं चुकलं" म्हणायला कितीसा वेळ लागतो! आणि गंमत बघा, काम गेलंच नाही. मास्तरांनीच तीन दिवस बसून बाह्या उसवल्या, ज्याच्या त्याला लावल्या, शेवटचं बटण लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. शरम वाटते हो मला, अजून वाटते. तेव्हा तुम्ही डोळे झाकून ठेवा त्यांना, कात्री द्या हातात. फक्त हे कागदाचं मी बोललो म्हणून—

काय म्हणालात? कात्री नको म्हणतात? काजं-बटणं द्या म्हणाले? का पण? …स्वतः म्हणाले? "माझ्या नजरेचा भरवसा नाही, एकदा बावीस कोट बिघडवलेत" — असं? डॉक्टरला डोळे दाखवले? तीनदा? आणि डॉक्टर डोळे ठणठणीत आहेत म्हणतो, तरीसुद्धा…

चार वर्षं झाली हो त्याला.

मला वाटायचं, त्यांनी ओळखलंय. मला वाटायचं, माझ्यावर चिडून गेले ते. रस्त्यात दिसले की मीच पलीकडून जायचो — आणि ते बिचारे… तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही आता जाताच आहात, तर सांगून टाका, चूक मालकाची होती म्हणावं. मी? मी कशाला? मी कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्या दारात? …नाही, नाही येणार मी. ओढू नका उगाच. सोडा हात. हे बघा, गिऱ्हाईक आलं — या ताई, आत या, माप द्यायचंय का? — तुम्ही निघा आता. निघा म्हणतो ना!