टोरांटोच्या बँकेची हिस्टरी

कार्डाचं तुम्ही काय सांगता गा, माह्यं ऐका. टोरांटोले गेल्या गेल्या मी बँकेत क्रेडिट कार्ड मागाले गेली. काउंटरवरची बाई म्हणे, "तुमची इथं उधारीची हिस्टरीच नाही."

मी म्हटलं, "आमच्या घरी उधारी कोणी करतच नाही."

"मग आम्ही भरवसा कसा ठेवायचा? आधी पैसे तारण ठेवा, तेवढ्याचंच कार्ड देऊ."

माहेच पैसे, अन् मलेच उधार! पण तिकडे घरमालकही हिस्टरीच मागून राहिला होता, म्हणून ठेवले.

उधारी बाकी ठेवून जेवाले बसाचं नाही, हे बाबांचं आमच्या गावापासूनचं, नरखेडपासूनचं. म्हणून सकाळी कार्डावर दूध घेतलं का संध्याकाळी पैसे भरून मी मोकळी. काही महिन्यांनी तीच बाई माह्यावर चिडली. "बिल निघायच्या आधीच भरून टाकता, मग हिस्टरी बनेल कशी? थोडी उधारी दिसू द्या!"

देली दिसू.

परवा तिचाच फोन आला. "मॅडम, तुमचा उधारीचा स्कोर मस्त झाला. आता तुमची बचत आमच्याकडे ठेवा ना."

म्हटलं, "ठेवीन ना. पण माह्याकडे तुमच्या बँकेची काहीच हिस्टरी नाही. आधी तारण आणा."